बायोप्सीच्या कागदावरची ती ओळ: एच. पायलोरी आणि जठराचा कॅन्सर

गवतफूल | सोमवार, रात्री १०.१५

येत्या माघात बाबांना जाऊन चार वर्षं होतील. दिवाळीच्या आधी आईचं कपाट आवरताना त्यांची दवाखान्याची फाइल हाती लागली. तेव्हा ती फाइल आम्ही फक्त या डॉक्टरांकडून त्या डॉक्टरांकडे नेत होतो, वाचली कुणीच नव्हती. या वेळी खाली बसून पहिल्या पानापासून वाचली.

बाबा एसटीत कंडक्टर होते. 'पित्त' हा आमच्या घरातला रोजचा शब्द. सकाळी रिकाम्या पोटी चहा, डेपोत पोचेपर्यंत आंबट ढेकर, शर्टाच्या खिशात चघळायच्या गोळ्या, रात्री पाण्यात चिमूटभर खायचा सोडा. वीस वर्षं हेच चाललं. एकसष्टाव्या वर्षी वजन उतरायला लागलं. दोन घास खाल्ले की पोट भरलं म्हणायचे. दुर्बीण घालून पाहिलं तोवर कॅन्सर जठराच्या बाहेर गेला होता. पुढे आठ महिने.

त्या फाइलमधल्या बायोप्सीच्या रिपोर्टवर, अगदी खाली, एक ओळ होती: 'हेलिकोबॅक्टर पायलोरी आढळले.' हेलिकोबॅक्टर पायलोरी, म्हणजे एच. पायलोरी, हा जठरात राहणारा जंतू. ही ओळ आम्हाला कुणी वाचून दाखवली नव्हती. बाबांसाठी तेव्हा तिचा उपयोग नव्हता, हे मला कळतं. पण आम्ही तीन भावंडं त्याच घरात वाढलो, एका ताटात जेवलो. आमच्यासाठी ती ओळ फार महत्त्वाची होती, आणि ती चार वर्षं कपाटात पडून राहिली. याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून हा धागा.

गेल्या तीन महिन्यांत जे वाचलं आणि आमच्या डॉक्टरांना विचारून खात्री करून घेतलं, ते लिहिते.

जठरात इतकं तीव्र आम्ल असतं की तिथे जंतू तग धरू शकत नाहीत, असं वैद्यकशास्त्र बराच काळ मानत होतं. १९७९ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन या पॅथॉलॉजिस्टना जठराच्या तुकड्यांत नागमोडी जंतू दिसले. हाच तो एच. पायलोरी. १९८१ मध्ये बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाला. जंतू प्रयोगशाळेत वाढवायचे तर वाढेनात, कारण दोन दिवसांत काही उगवलं नाही की बशा फेकून द्यायची पद्धत होती. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत बशा तशाच राहून गेल्या आणि सुट्टीनंतर पाहिलं तर जंतू वाढलेले! त्यांना फक्त जास्त दिवस हवे होते. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं.

हा जंतू युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) बनवतो. त्याने युरिया फोडून अमोनिया तयार होतो आणि जंतूभोवतीचं आम्ल तेवढ्यापुरतं मारलं जातं. मग तो अस्तरावरच्या बुळबुळीत थरात शिरून राहतो. लागण बहुतेक वेळा लहानपणी, घरातल्या घरात होते, आणि औषध दिलं नाही तर जन्मभर राहते. बहुतेकांना काही जाणवतही नाही.

पण अस्तर सुजलेलं राहतं. काहींमध्ये ती सूज वर्षानुवर्षं टिकून अस्तर झिजतं, पातळ होतं. झिजलेल्या जागी आतड्यासारखं अस्तर उगवतं. त्यातल्या थोड्या जणांमध्ये पेशी बिघडत जातात आणि शेवटी कॅन्सर होतो. ही पायऱ्यांची उतरंड पेलायो कोरेया या कोलंबियात जन्मलेल्या पॅथॉलॉजिस्टनी मांडली. एकेक पायरी उतरायला वर्षं जातात, कधी दशकं. म्हणजे मध्ये थांबवायला वेळ असतो. बाबांच्या बाबतीत वीस वर्षं होती.

१९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जंतूला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसाला कॅन्सर करतात हे सिद्ध झालेल्या गोष्टींच्या गटात. तंबाखू ज्या गटात आहे त्याच गटात.

आता आमचं. मी आणि दादा पॉझिटिव्ह निघालो, धाकटी निगेटिव्ह. आम्हा दोघांचा १४ दिवसांचा कोर्स झाला. पुढच्या आठवड्यात 'जंतू गेला का' ही चाचणी आहे. दादा म्हणतो, जळजळ थांबलीय, आता परत चाचणी कशाला? त्याला काय सांगू? आणि माझ्या मुलांची (९ आणि १२ वर्षं) तपासणी करावी का?

सरळरेघ | सोमवार, रात्री ११.०२

बाबांबद्दल वाचून वाईट वाटलं. तरीही एक प्रश्न विचारतो, राग मानू नका. भारतात निम्म्याहून जास्त लोकांच्या पोटात हा जंतू आहे असं म्हणतात. मग आपल्याकडे जठराच्या कॅन्सरची लाट का नाही? जपान, कोरियापेक्षा आपलं प्रमाण कितीतरी कमी आहे. इतक्या लोकांना अँटिबायोटिक द्यायची म्हटलं तर औषधांना दाद न देणारे जंतू आणखी वाढतील. भीतीपोटी आपण नवा घोळ तर घालत नाही ना?

दीपस्तंभ | मंगळवार, सकाळी ७.२०

मी पोटविकारतज्ज्ञ आहे, पश्चिम महाराष्ट्रात काम करतो. सरळरेघ यांचा प्रश्न योग्य आहे. आमच्या शास्त्रात याला 'भारतीय कोडं' म्हणतात: लागण भरपूर, कॅन्सर कमी. जंतूचा वाण, माणसाची प्रकृती, आहारातलं मीठ, तंबाखू, सगळ्यांचा वाटा असावा. एका कारणावर बोट ठेवता येत नाही. लागण झालेल्या शंभरांतल्या साधारण एक ते तीन जणांना आयुष्यात हा कॅन्सर होतो. निदान सत्त्याण्णव जणांना होत नाही. त्यामुळे रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून कुणी रात्रभर जागू नये.

पण नाण्याची दुसरी बाजू अशी. जपानमध्ये उएमुरा आणि सहकाऱ्यांनी १५२६ रुग्णांवर सरासरी ७.८ वर्षं लक्ष ठेवलं. जंतू असलेल्या १२४६ जणांत ३६ जणांना जठराचा कॅन्सर झाला. जंतू नसलेल्या २८० जणांत एकालाही नाही. हा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. आम्ही शिकत होतो त्या काळातला, आणि तो शून्य मी विसरलेलो नाही.

'सर्वांना गोळ्या द्या' असं भारतात कुणी शहाणा डॉक्टर म्हणत नाही. प्रश्न कुणाला द्यायच्या हा आहे. आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कुणाला जठराचा कॅन्सर झाला असेल तर तुमचा धोका दोन ते तीन पट होतो. गवतफूलताईंचं घर त्यात बसतं. कोरियात नेमक्या अशाच नातेवाइकांवर चाचणी झाली, २०२० मध्ये निष्कर्ष आले. १६७६ जण. अर्ध्यांना जंतूचं औषध, अर्ध्यांना नुसत्या दिसायला सारख्या गोळ्या. नऊ वर्षांनी औषध घेतलेल्यांत १० जणांना कॅन्सर, न घेतलेल्यांत २३ जणांना. निम्म्याहून कमी.

दादांच्या प्रश्नाचं उत्तर त्याच अभ्यासात आहे. ज्यांचा जंतू खरोखर गेला त्यांच्यात प्रमाण ०.८ टक्के, ज्यांचा राहिला त्यांच्यात २.९ टक्के. संरक्षण मिळतं ते जंतू गेल्यामुळे. गोळ्या खाल्ल्याचं प्रमाणपत्र पोटाला कळत नाही. जळजळ तर आम्ल कमी करणाऱ्या गोळीनेही थांबते. तेव्हा दादांना म्हणावं, चाचणी करा.

मुलांना काही त्रास नसेल तर आता तपासू नका. त्या वयात आम्ही सरसकट तपासणी करत नाही. मोठी झाल्यावर त्यांना घरचा इतिहास माहीत असू द्या.

अंगणवेल | मंगळवार, सकाळी ९.४५

आमच्याकडे पित्तावर सकाळी कोकमाचं पाणी, जेवणानंतर ताक, आणि कच्ची लसूण. सासूबाई म्हणतात लसणीने पोटातला कुठलाही जंतू मरतो. यात काही तथ्य आहे का? आणि गवतफूलताई, लागण घरातल्या घरात होते म्हणजे नेमकी कशी? आमच्याकडे आज्या अजूनही घास चावून मऊ करून बाळाला भरवतात.

गवतफूल | मंगळवार, दुपारी १.१०

अंगणवेलताई, लसणीबद्दल वाचून मीही चकित झाले, कारण त्यावर खरंच मोठी चाचणी झालीय. चीनच्या शांतुंग प्रांतात लिनछू नावाचा तालुक्याएवढा भाग आहे, तिथे जठराचा कॅन्सर फार. १९९५ मध्ये तिथल्या गावांतल्या ३३६५ माणसांना गटांत विभागलं. कुणाला दोन आठवडे जंतूचं औषध, कुणाला सात वर्षं क आणि ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम, कुणाला सात वर्षं लसणीचा अर्क. बावीस वर्षांनी हिशोब मांडला. दोन आठवड्यांच्या औषधाने कॅन्सरची शक्यता जवळपास निम्म्यावर आली होती. जीवनसत्त्वांनीही फरक पडला. लसणीने नवे कॅन्सर कमी झाले असं ठामपणे म्हणता आलं नाही, पण त्या गटात जठराच्या कॅन्सरने होणारे मृत्यू कमी दिसले.

म्हणजे सासूबाईंची लसूण वाया जात नाही. पण जंतू मारायचं काम तिच्यावर सोपवू नका. कोकम आणि ताकाने बरं वाटतं, मीही घेते. बाबांनाही सोड्याने बरं वाटायचं, हे मात्र विसरता येत नाही.

माझा जीव त्या चौदा दिवसांत अडकलाय. १९९५ साली चौदा दिवस घेतलेल्या गोळ्या आणि २०१७ पर्यंत टिकलेला परिणाम.

लागणीबद्दल डॉक्टरांनी सांगावं.

दीपस्तंभ | मंगळवार, दुपारी ३.३०

तोंडावाटे, उलटीवाटे, शौचावाटे दूषित झालेल्या पाण्या-अन्नातून. आईकडून मुलाकडे, भावंडांकडून भावंडांकडे. घास चावून भरवणं थांबवलेलं बरं. आजीला दुखवू नका, वरणभात चमच्याने कुस्करून द्या, तेवढंच. वरून पाणी पिण्याची आणि उष्टं न खाण्याची आपली जुनी शिस्त इथे कामाची आहे. हातपंपाजवळची शौचालयं आणि साठवलेलं पाणी हा त्याहून मोठा मुद्दा आहे.

ईशान्यवारा | मंगळवार, रात्री ८.५५

मूळचा साताऱ्याचा. नोकरीनिमित्त सहा वर्षं ऐझॉलला आहे. सरळरेघ, तुम्ही 'भारतात' म्हणालात तेव्हा लिहावंसं वाटलं. मिझोराममध्ये येऊन बघा. भारतात जठराच्या कॅन्सरचं सगळ्यात जास्त प्रमाण जिथे नोंदलं गेलंय त्यांत इथलं नाव वरचं आहे. माझ्या कार्यालयातल्या तीन सहकाऱ्यांच्या घरी हा आजार झालाय. इथे लोक 'पित्त' म्हणून हसण्यावारी नेत नाहीत.

इथे चुलीवर टांगून धुरवलेलं मांस, 'सा-उम' ही आंबवलेली डुकराची चरबी, आणि 'तुइबुर', म्हणजे तंबाखूचा धूर पाण्यात मुरवून ते पाणी तोंडात धरणं, या सवयी फार जुन्या आहेत. संशोधक जंतूबरोबर याही गोष्टींकडे बोट दाखवतात. तंबाखू आणि मीठ जंतूच्या जोडीला आले की अस्तर लवकर बिघडतं, असं इथल्या डॉक्टरांनी मला समजावलं. आपल्याकडे मिसरी आणि गुटखा कमी आहे का?

एका देशाचा सरासरी आकडा घेतला की ऐझॉल त्यात बुडून जातं. ते बुडू नये, एवढंच.

सरळरेघ | मंगळवार, रात्री ९.३०

ईशान्यवारा, हे मला माहीत नव्हतं. आभार. सरासरीबद्दलचं तुमचं म्हणणं मान्य.

पण अँटिबायोटिकचा मुद्दा मी सोडत नाही. लिनछूमध्येच नंतर खूप मोठी चाचणी झाली, १ लाख ८० हजारांवर लोक, २०२४ मध्ये निष्कर्ष आले. तिथे घट १४ टक्केच दिसली. गवतफूलताईंनी सांगितलेल्या 'निम्म्या'पेक्षा बरीच कमी.

दीपस्तंभ | बुधवार, सकाळी ७.०५

बरोबर वाचलंत. ज्यांचा जंतू गेल्याची खात्री झाली त्यांच्यात १९ टक्के. त्या चाचणीत पाठपुरावा साधारण बारा वर्षांचा आहे आणि भाग घेणारे २५ ते ५४ वयाचे होते, म्हणजे कॅन्सरच्या वयाला पोचायचे बरेच जण बाकी आहेत. तरी आकडा आहे तो आहे. मोठ्या लोकसंख्येवर केलेलं काम निवडक गटाइतकं चकचकीत दिसत नाही.

याच्या जोडीला मात्सू बेटांचंही पाहा. चीनच्या किनाऱ्याजवळची, तैवानच्या ताब्यातली छोटी बेटं. २००४ पासून तिथे तीस वर्षांवरच्या सगळ्यांना श्वासचाचणीला बोलावलं आणि पॉझिटिव्ह निघालेल्यांना औषध दिलं, पुन्हा पुन्हा फेऱ्या केल्या. २०१८ पर्यंत लागण ६४ टक्क्यांवरून १५ वर आली, नवे कॅन्सर आधीच्या तुलनेत ५३ टक्क्यांनी घटले. औषधाला दाद न देण्याचं प्रमाण त्या काळात विशेष वाढलं नाही, हेही त्यांनी तपासलं. पण ती बेटं आहेत. सगळ्यांची नावं माहीत, सगळ्यांकडे पोचता येतं. सोलापूर जिल्ह्यात ते तसंच होईल असं मी म्हणणार नाही.

औषधांबद्दल तुमची काळजी मला रोज दिसते. जुलाब झाले की मेट्रोनिडाझोलची गोळी दुकानातून आणून दोन दिवस खायची, ही आपली सवय. त्यामुळे आपल्याकडच्या जंतूंवर ती गोळी एकटी फारशी चालत नाही. क्लॅरिथ्रोमायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकचंही अनेक ठिकाणी तेच होतंय. म्हणून आता बिस्मथ घालून चार औषधांचा १४ दिवसांचा कोर्स देण्याकडे कल आहे. अर्धवट कोर्स सगळ्यात वाईट: जंतू मरत नाही, शहाणा होतो.

तोक्योवासी | बुधवार, सकाळी ८.४०

मी अकरा वर्षं जपानमध्ये आहे. कंपनीच्या वार्षिक तपासणीत बेरियम पाजून फिरत्या टेबलावर उलटंसुलटं करून एक्स-रे काढतात. पहिल्या वर्षी वाटलं, मला पोटाचा काही त्रास नाही, हे कशाला? चाळिशीत रक्तात एच. पायलोरीची प्रतिद्रव्यं (अँटिबॉडी) सापडली, मग दुर्बीण, मग एक आठवड्याची औषधं. २०१३ पासून इथे दुर्बिणीत जठरदाह दिसला की जंतूचा उपचार सरकारी विम्यात बसतो.

डॉक्टरांनी मला एक गोष्ट तीनदा सांगितली: जंतू गेला म्हणजे धोका शून्य झाला असं नाही. माझं अस्तर थोडं झिजलेलं आहे, म्हणून ठरलेल्या काळाने दुर्बीण करावी लागते. पहिल्यांदा ऐकून मी खट्टू झालो होतो. आता जातो.

मध्यरात्र | बुधवार, दुपारी १२.२०

कोर्सचा आज सहावा दिवस. तोंडात सतत कडू, लोखंड चघळल्यासारखी चव. जीभ काळी पडलीय आणि शौचालाही काळं होतंय. नेटवर 'काळी शी म्हणजे रक्तस्राव' वाचून काल रात्री झोपलो नाही. थांबवू का?

आणि एक विचारायचं होतं: तो मार्शल स्वतः जंतू प्यायला आणि त्याला अल्सर झाला, हे खरं का?

दीपस्तंभ | बुधवार, दुपारी १२.४५

थांबवू नका. जीभ आणि शौच काळं होणं हे बिस्मथमुळे, कोर्स संपला की जातं. कडू चव मेट्रोनिडाझोलची. जेवणानंतर घ्या, आणि दारू अजिबात नको. मात्र शौच डांबरासारखं चिकट, दुर्गंधीयुक्त असेल, चक्कर येत असेल, उलटीत रक्त असेल तर आजच दवाखाना. तुमच्या डॉक्टरांना फोन करून हे सगळं सांगून ठेवा.

मार्शलबद्दल: प्यायले हे खरं, १९८४ साली. अल्सर झाला नाही. काही दिवसांत मळमळ, उलट्या, तोंडाला वास, आणि दुर्बिणीत जठराला सूज. निरोगी जठर जंतूमुळे सुजतं, हे त्यातून दिसलं, आणि तेवढंही त्या काळात खूप होतं. कुणी घरी असले प्रयोग करू नयेत.

अंगणवेल | बुधवार, संध्याकाळी ६.१५

कुठली चाचणी करावी, ते एकदा सोप्या शब्दांत सांगाल का? गावच्या लॅबमध्ये रक्ताची पाचशे रुपयांत होते म्हणाले.

दीपस्तंभ | बुधवार, रात्री ९.५०

रक्ताच्या चाचणीत प्रतिद्रव्यं दिसतात. जंतू आज आहे की दहा वर्षांपूर्वी होता, हे त्यातून कळत नाही. आणि तो गेल्यावरही ती बराच काळ पॉझिटिव्ह राहते. जपानमध्ये तोक्योवासींसारखी ती पुढच्या तपासाची पहिली पायरी म्हणून वापरतात, ते वेगळं. उपचारानंतर खात्री करायला ती निरुपयोगी.

श्वासचाचणी चांगली. खुणेचा कार्बन असलेला युरिया पाण्यातून पितात, थोड्या वेळाने पिशवीत फुंकर मारतात. जंतू असेल तर तो युरिया फोडतो आणि तो कार्बन श्वासातून बाहेर येतो. शौचातली अँटिजेन चाचणी, म्हणजे शौचात जंतूचे अंश शोधणं, हा दुसरा चांगला पर्याय, लहान गावातून नमुना पाठवताही येतो. दोन्हींसाठी एक अट: पँटोप्राझोल, ओमेप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी दोन आठवडे आधी बंद हवी, अँटिबायोटिक आणि बिस्मथ चार आठवडे. नाहीतर जंतू असून रिपोर्ट निगेटिव्ह येतो. हे रुग्णाला सांगायचं राहून जातं आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

वजन घटणं, गिळायला त्रास, सतत उलट्या, रक्त कमी होणं, काळं शौच, किंवा उतारवयात नव्याने सुरू झालेलं 'पित्त' असेल तर श्वासचाचणीवर थांबू नका. थेट दुर्बीण.

गवतफूल | चार आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी ११.३०

धागा वर काढते. माझी श्वासचाचणी निगेटिव्ह आली.

दादा तयार झाला, पण तो पँटोप्राझोल घेतच होता. डॉक्टरांचा प्रतिसाद दाखवल्यावर गोळी बंद करून दोन आठवडे थांबला आणि मग चाचणी केली. पॉझिटिव्ह आली. मग त्याने सांगितलं की कोर्सच्या नवव्या आणि दहाव्या दिवशी मावसभावाच्या लग्नात गोळ्या राहिल्या होत्या. त्याने ते आधी सांगितलं नाही म्हणून मी रागावले नाही. एवढ्या गोळ्या दिवसातून चार वेळा घेणं सोपं नाही, मीही दोनदा रडकुंडीला आले होते. डॉक्टरांनी दुसरी औषधं जोडून नवा कोर्स दिलाय. उद्यापासून सुरू. या वेळी वहिनीने वेळा लिहून फ्रीजवर चिकटवल्यात, आणि चौदा दिवसांत एकही लग्न नाही, हे तिने आधी तपासून घेतलंय.

दादाची दुर्बीणही झाली. अस्तराला सूज आहे, झीज नाही. तो शब्द, 'झीज नाही', मी त्याच्याकडून फोनवर तीनदा वाचून घेतला.

आई म्हणत होती, माझं आता काय राहिलंय तपासायचं. काल तिला हा सगळा धागा वाचून दाखवला. ऐझॉलचा भाग तिने दोनदा वाचायला लावला. गुरुवारी सकाळी तिची चाचणी आहे.